लिथुआनियाचा पैलवान

"वाक की रे, वाक!" मी ओरडले.

पण ओरडून काय उपयोग? त्याला मराठी कळत नव्हतं आणि माझ्या घराच्या चौकटीला दयामाया नव्हती. धाडकन आवाज झाला, वरच्या फळीवरचा गणपतीचा फोटो तिरका झाला, आणि तो ताडमाड गोरा माणूस कपाळ धरून उंबऱ्यात उभा राहिला. मग हसला.

"आई, हा अलगिर्दास," माझी धाकटी वैजू मागून म्हणाली. मागून म्हणजे त्याच्या काखेखालून. तिचं डोकं तिथवरच पोचत होतं.

"आधी हळद आण. नाव मग सांग."

हळद लावायला त्याला पाटावर बसवायला गेले, तर तो बसेना. उजवा पाय वळतच नव्हता. शेवटी धान्याच्या कोठीवर बसला आणि माझ्या बरोबरीला आला. कपाळावर टेंगूळ, त्यावर हळद, वर सोनेरी केस. आमचे पैलवान दारातून आत आले, बघत राहिले आणि म्हणाले, "आईशप्पथ! खंडोबाच आलाय की घरी!"

आमचे पैलवान म्हणजे माझे मालक, ज्ञानू खोत. सगळं गाव त्यांना पैलवान म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायला नको आणि भांडताना जोर येतो.

ही बिरोबाच्या जत्रेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आता तिला पंधरा-सोळा वर्षं झाली. वैजू तेव्हा जर्मनीत एका दवाखान्यात होती. मोडलेले गुडघे-खांदे व्यायाम देऊन चालते करायचे, हे तिचं काम. शिकली ती माझ्या म्हशींच्या दुधावर, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर श्रेय भलतेच लोक घेतात. हा तिथं गुडघा दाखवायला आला. "गुडघा घेऊन आला आणि काळीज ठेवून गेला," असं पैलवान पुढं सगळ्यांना सांगत. मला असलं गोड बोलणं जमत नाही. वैजूनं फोनवर मला एवढंच सांगितलं होतं, "आई, लग्न करीन तर याच्याशी. पण तू हो म्हणालीस तरच. आम्ही येतो, तू बघ त्याला."

मग मी बघायला बसले.

चहा झाला. त्यानं पिशवीतून एक माळ काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मधाच्या रंगाचे मणी. वैजू म्हणाली, "त्यांच्या देशात समुद्रात सापडतात, आई. लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांचा चीक गोठून होतात."

"म्हणजे डिंक."

"डिंक नाही गं..."

"झाडाचा चीक गोठला की डिंकच होतो. डिंक मी लाडवात घालते, गळ्यात नाही. ठेव तिकडं फडताळात."

तिनं हे त्याला कसं सांगितलं कोण जाणे. तो मात्र खो खो हसला.

पैलवानांना बाकी तो बघताक्षणी आवडला होता. त्यातून नावाच्या शेवटी 'दास'. पैलवान त्याला लगेच दासराव म्हणायला लागले. "दासराव, कंची तालीम? वस्ताद कोण? रोज दूध किती?" वैजू इकडचं तिकडं करत होती.

तो सांगत होता, त्यांचा देश म्हणजे एवढासा. निम्मं वर्ष बर्फ. तिथं बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडं कुस्ती तसं. जिथं तिथं गोठ्याच्या भिंतीवर लोखंडी कडं ठोकलेलं, आणि पोरं बर्फात हातमोजे घालून त्यात चेंडू टाकतात. याचं लहानपण तसंच गेलं. पुढं मोठ्या शहरात गेला, देशाकडून खेळला, ग्रीसमध्ये खेळला, तुर्कस्तानात खेळला. रस्त्यानं जाताना लोक गाड्या थांबवून हात मिळवायचे. मग गुडघा गेला.

"म्हंजे पैलवानच की!" आमचे म्हणाले.

"आबा, पैलवान नाही. टोपलीत चेंडू टाकायचा खेळ आहे तो."

"त्येच त्ये. अंग कमावल्याबिगर हुतंय व्हय?"

मी विचारलं, "आता काय करतो?"

वैजू घुटमळली.

"विचार त्याला. आणि पहिली बायको का गेली, तेही विचार."

"आई!"

"फोनवर तूच सांगितलंस ना, होती म्हणून? मग?"

तिनं विचारलं. तो बशीतल्या शंकरपाळ्यांकडं बघत सावकाश बोलला. वैजू खालच्या मानेनं सांगत गेली. "तो म्हणतो, मी खेळ सोडला, पण खेळानं मला सोडलं नव्हतं. दिवसभर कोचावर पडून जुन्या मॅच बघायचो. बायकोला रोज सांगायचो, पुढच्या हंगामात परत उतरतो. तिनं दोन हंगाम ऐकलं आणि गेली. मग त्याची आई आली. तिनं टीव्ही बंद केला आणि हातात बादली दिली. आता गावाकडं गाई आहेत, मधमाश्यांच्या पेट्या आहेत, पोरांना खेळ शिकवतो."

मी पैलवानांकडं बघितलं. पैलवान भिंतीकडं बघत होते.

भिंतीवर मारुतीची तसबीर, आणि तिच्याखाली खुंटीला टांगलेला लंगोट. शेवटची कुस्ती लढले तेव्हा वैजू माझ्या पोटात होती. त्या दिवशी गुडघा मोडला तो मोडलाच. पण "सोडली" हा शब्द कधी तोंडातून आला नाही. दर जत्रेला लंगोट धुवायचा, उन्हात वाळवायचा, चौकात जाऊन सांगायचं, "औंदा जरा पाय दुखतोय. फुडल्या जत्रेला उतरतो." आणि परत खुंटीला. घर चालवलं म्हशींनी. त्यातलंही निम्मं दूध पैलवानांच्या खुराकाला. का, तर पुढल्या जत्रेला उतरायचंय!

त्या बाईनं दोन हंगाम ऐकलं आणि गेली. मी राहिले. दोघींत शहाणी कोण, ते मी सांगणार नाही.

संध्याकाळी वैजू चुलीपुढं माझ्याशेजारी येऊन बसली. "काय ठरवलंस?"

"नाही."

"का? गोरा आहे म्हणून? आपल्यातला नाही म्हणून?"

"गोरा-काळा मला काय करायचाय? म्हशी काय गोऱ्या आहेत माझ्या? खेळ सुटलेला पैलवान आहे म्हणून."

"आई, तो बदललाय. एवढं सगळं सांगितलं ना त्यानं? काही लपवलं का?"

"घरात काय, कुणीही सांगतं गं. तुझे आबासुद्धा मध्यरात्री कण्हतात, तेव्हा मला म्हणतात, 'संपलं बाई आता.' आणि सकाळी चौकात परत 'फुडल्या जत्रेला'. चार माणसांत जो म्हणेल, तो बदलला."

वैजूचे डोळे भरले, पण माझी पोर आहे, रडली नाही. "तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार. दिलेला शब्द आहे. पण परवा आम्ही जाणार आहोत. तोवर बघ तरी त्याला."

"बघतेय की. एवढा मोठा आहे, न बघून जाईल कुठं?"

सकाळी गोठ्यात गेले तर हा आधीच तिथं उपड्या बादलीवर बसलेला. गाईंचं दूध काढतो म्हणून म्हशीचंही काढणार म्हणे. मी वैजूला सांगितलं, "यमुना आहे ती. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. सांग त्याला."

तिनं सांगितलं. त्यानं हात जोडून यमुनेला नमस्कार केला. यमुनेनंही त्याला चार धारा काढू दिल्या, अगदी सासू पहिल्या दिवशी सुनेला देते तेवढी सवलत. आणि मग दिली एक लाथ! बादली एकीकडं, दूध एकीकडं आणि हा पसरला शेणात. उठायला येईना. मी आणि वैजूनं एकेक हात धरून ओढला. पाठ शेणानं भरलेली, आणि हसतोय, एवढा हसतोय की यमुनाही मागं वळून बघायला लागली.

मलाही हसू आलं. पण मी ते तोंडात दाबून धरलं. गोठ्यात हसायला काय जातंय? गोठ्यात कोण बघतंय?

तेवढ्यात रस्त्यावरून कर्ण्याची रिक्षा आली. कर्ण्यावर भिकू मास्तर. शाळेतून रिटायर झाल्यापासून जत्रेच्या कुस्त्या पुकारायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि आवाज असा की मेलेला उठून बसावा.

"ऐका हो ऐका! आज दुपारी बिरोबाच्या मैदानात खास आकर्षण! युरोप खंडाचा नामवंत मल्ल, ज्ञानू पैलवानांचा पाहुणा, सात फुटी दासराव लिथुनियावाले, विरुद्ध आपल्या वारणाकाठचा ढाण्या वाघ संभा माने! बघायला विसरू नका!"

रिक्षा पुढं गेली. मी कमरेला पदर खोचला आणि सोप्यात गेले. पैलवान पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"काय केलंसा?"

"म्या? म्या काय केलं? काल चौकात फकस्त म्हटलं, जावई मोठा खेळाडू हाय, युरोप गाजवलंय."

"जावई कुणी केला त्याला? आणि कशाचा खेळाडू ते सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

विचारणार कसे? आमच्या गावात खेळाडू म्हणजे पैलवान. दुसरं काही असतं, हेच कुणाला माहीत नाही. एवढा उंच, एवढा रुंद गडी, गुडघ्याला पट्टा बांधून ज्ञानू पैलवानाच्या घरी उतरलाय, तो काय टोपलीत चेंडू टाकायला?

"जावा आणि सांगा भिकू मास्तरला."

"आता? रिक्षा फिरली सगळ्या गावात. तोंड कुठं दावू?"

वैजूनं अलगिर्दासला सगळं सांगितलं. तो शेणाचा शर्ट बदलत होता. त्यानं शांतपणे काहीतरी विचारलं.

"तो विचारतो, ज्याला लढता येत नाही, तो तुमच्यात काय करतो?"

पैलवान उठले, खुंटीकडं गेले आणि लंगोट काढला.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

"पावन्याची लाज ती माझी लाज. त्येच्या बदली म्या उतरतो."

"संभा पंचविशीतला आहे. तुमचा गुडघा देवाला बसताना वाजतो."

"एकच डाव. घिस्सा मारला की झालं."

"मारा की. येताना चौघांच्या खांद्यावर या, म्हणजे गुडघ्याला त्रास नको." एवढं बोलले खरं, पण ते ऐकणार थोडेच? मी ओळखत होते या माणसाला. चार माणसं बघत असली की हा मरेल, पण नाही म्हणणार नाही.

त्या काळी आमच्या गावात बायका मैदानात पाय ठेवत नसत. माझ्या जावेचं घर मैदानाला लागून, तिच्या गच्चीवरून आम्ही बघायचो. मी आणि वैजू तिथं गेलो. खाली माणसांचा नुसता समुद्र. मध्ये तांबडी माती, हलगी कडाडतेय, पुढच्या रांगेत फेटे बांधलेले जुने पैलवान. संभा मातीत मांडीवर शड्डू ठोकतोय. आणि गर्दीतून वाट काढत आमचं ध्यान आलं: पुढं पैलवान, लुंगी आणि वर उघडं अंग, मागं हा. हा सगळ्यांपेक्षा हातभर वर. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

भिकू मास्तर माईकवर पेटले. "आले, आले! लिथुनियाचा पहाड आला! ज्ञानू पैलवानांनी लुंगी का घातली आहे? काय विचार आहे? जुना वाघ परत उतरणार की काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पैलवानांची छाती फुगलेली मला गच्चीवरून दिसली. हात लुंगीच्या गाठीकडं गेला. मी जावेचा दंड एवढा घट्ट धरला की ती ओरडली.

अलगिर्दासनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. मग पुढं जाऊन भिकू मास्तरांच्या हातातला माईक घेतला आणि वर गच्चीकडं बघितलं.

"मला जायला पाहिजे," वैजू म्हणाली आणि जिना उतरून गेली.

चप्पल बाहेर काढून ती थेट मातीच्या कडेला पोचली. गलका झाला. भिकू मास्तर माईकशिवायही कर्ण्यासारखेच. "बाईमाणूस मैदानात! कृपया बाईमाणसांनी..."

मी कठड्यावरून वाकले. "भिकू मास्तर! तुम्हाला येतंय का त्याच्या देशाचं बोलाय? येत असंल तर काढा तिला बाहेर! न्हाईतर ऱ्हाऊ दे!"

हशा पिकला. मास्तर मागं सरले. बिचारे माझ्याकडूनच दूध घेत.

अलगिर्दास त्या दोघांच्या भाषेत बोलला. वैजू मोठ्यानं सांगायला लागली. "तो म्हणतो, मी कुस्ती कधी खेळलो नाही. माझा खेळ दुसरा. पण कुस्ती येत असती तरी आज मी उतरलो नसतो."

त्यानं खाली वाकून पँटचा पाय वर ओढला. गुडघ्यावर उभे-आडवे वण, जुनी गोधडी शिवावी तसे.

मागून कुणीतरी ओरडलं, "भ्याला रं, भ्याला!"

वैजू हे सांगणार नव्हती. त्यानंच विचारलं, काय म्हणतोय तो? तिनं सांगितलं. आता हा चिडणार, असं मला वाटलं. चिडलेला पैलवान मी लई बघितलाय. पण तो वैजूकडं झुकला, ती त्याच्या कानात एकेक शब्द घालू लागली, आणि तो शब्द तो माईकवर ठेवू लागला, अंडी ठेवावीत तसा.

"होय. भ्यालो. सकाळी... म्हशीला पण... भ्यालो."

सगळं मैदान फुटलं हसून. संभा माने मातीत बसून हसत होता. हसू ओसरेपर्यंत हा थांबला, आणि मग वैजूची मदत न घेता म्हणाला, "गुडघा संपला. खेळ संपला. मी बरा आहे."

मी कठडा सोडला नाही. हे वाक्य या मैदानात आजवर कुणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

आता सगळे आमच्या पैलवानांकडं बघायला लागले. लुंगीची गाठ अजून त्यांच्या हातात. भिकू मास्तर हळूच म्हणाले, "मग ज्ञानूदादा... तुम्ही?"

पैलवान माती घ्यायला खाली वाकले. गुडघा वाजला. माईक जवळच होता, कर्ण्यातून सगळ्या गावानं तो आवाज ऐकला, कट्ट! पैलवान तसेच वाकलेले राहिले. मग चिमूटभर माती कपाळाला लावून, अलगिर्दासचा हात धरून उभे राहिले. त्याच्याच हातातल्या माईकशी तोंड नेलं.

"माझाबी संपलाय," म्हणाले. "लई वर्षं झाली. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

कुणी हसलं नाही. आणि मग पुढच्या रांगेतून हणमा पैलवानाचा घोगरा आवाज आला, "माझा खांदा संपलाय रं ज्ञानू!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझी कंबर!" "माझं तर दोन्ही गुडघं!" एकेक म्हातारा फेटा सावरत उठला आणि आपलं काय काय मोडलंय ते वरच्या आवाजात सांगू लागला. जणू बक्षीसच वाटायला ठेवलंय! हलगीवाल्याला राहवेना, तो प्रत्येक मोडक्या हाडाला एक ठोका द्यायला लागला. इतकी वर्षं या लोकांनी आपापल्या बायकांनाच रात्री हे सांगितलं असणार. गच्चीवरच्या आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडं बघून पदरात तोंड घालून हसत होतो, आणि डोळेही पुसत होतो.

भिकू मास्तर हुशार माणूस. कुस्तीच्या जागी लगेच सत्कार ठेवला. दोघांना नारळ आणि फेटा. संभानं दोघांच्या पायाला हात लावला. पण दासरावांच्या डोक्याला फेटा बांधणार कोण? फेटेवाला टाचा उंच करतोय, उड्या मारतोय, हात पोचेना. हा आपला ताठ उभा, मानानं, समोर बघत.

मला राहवलं नाही. गच्चीवरून ओरडले, "वाक की रे, वाक!"

दोन दिवसांत आमच्या प्रत्येक दारानं त्याला तेवढं मराठी पक्कं शिकवलं होतं. त्यानं वर बघितलं, हात जोडले आणि वाकला.

घरी आले तेव्हा पैलवानांनी लंगोट घडी करून ट्रंकेत ठेवला होता. खुंटीला दोन फेटे. त्या रात्री त्यांनी दुधाचा पेला निम्माच घेतला आणि उरलेला दासरावांकडं सरकवला.

वैजू माझ्यामागून घरभर फिरत होती. विचारायचा धीर होत नव्हता तिला. मीही काही विचारू दिलं नाही. करू दे की जरा धडधड.

सकाळी मी न्हाऊन, फडताळातून ती डिंकाची माळ काढून गळ्यात घातली. पैलवान म्हणाले, "हे काय? लाडू संपलं व्हय?"

"तोंड आवरा आणि दगडू गवंड्याला बोलावून आणा."

दगडू आला. थापी, ओळंबा घेऊन दारात उभा राहिला. "काय करायचं आक्का?"

"ही चौकट काढायची. दार उंच करायचंय."

वैजू आतून धावत आली आणि तिथंच थबकली. तिच्यामागून तो आला, आणि उंबऱ्याशी येताच आपसूक वाकला.

दगडूनं चौकटीकडं बघितलं. "किती उंच करू?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "जावई उभा कर आणि माप घे."